दोन गोळ्या

आमच्या आईच्या डब्यात दोन प्रकारच्या गोळ्या असतात. जेवणानंतर शुगरची मेटफॉर्मिन आणि रात्री झोपताना लेट्रोझोल. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. तो परत येऊ नये म्हणून ही दुसरी गोळी पाच वर्षं घ्यायची आहे.

मी बी.एस्सी.ला, त्यामुळे घरात औषधांचं मलाच विचारतात. मागे एकदा वाचलं, की मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांमध्ये कॅन्सर परतण्याचं प्रमाण कमी दिसलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "आई, तुझी शुगरची गोळी कॅन्सरवर पण चालते!"

दिवाळीची साफसफाई करताना तिच्या डब्यामागे लेट्रोझोलची तीन पाकिटं सापडली. दहा-दहा गोळ्यांची, न फोडलेली. म्हणजे महिना झाला होता.

"अगं, त्या गोळीनं सांधे धरतात. सकाळी पीठ मळता येत नाही. तूच म्हणालीस न्हवं, शुगरची दोन्हीला चालते? मग एकच घेतो."

मला बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "नुसत्या नोंदी बघून तसं वाटलं होतं. मग नीट तपासलं." 2010 मध्ये सुरू झालेल्या त्या चाचणीत मधुमेह नसलेले 3649 रुग्ण होते. निम्म्यांना मेटफॉर्मिन, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, पाच वर्षं. 2022 मध्ये निकाल छापून आला: हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये मेटफॉर्मिनचा फायदा दिसला नाही. आईचा कॅन्सर त्याच जातीचा. लेट्रोझोल शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करते, म्हणजे त्याचं खतपाणीच तोडते. ते काम शुगरच्या गोळीचं नव्हे. पण शुगरसाठी ती हवीच.

सांधेदुखीचं आईनं त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी त्याच गटातली दुसरी गोळी लिहून दिली, रोज चालायला सांगितलं.

मित्रमैत्रिणींनो, मी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. अर्धं वाचून पूर्ण सांगितलं, एवढंच. आणि ज्या घरात शिकलेली मी एकटी, तिथं माझं अर्धं वाक्य औषधाच्या चिठ्ठीएवढं वजनदार ठरलं.

आता रात्री आई गोळी घेते, तेव्हा मी शेजारी बसते. परवा काही सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "आधी पूर्ण वाचून ये जा. मग सांग."