फणीतले वीस केस

पालघर,
६ सप्टेंबर

चि. सायलीस,


फणीचा फोटो पोचला. खाली तू लिहिलंयस, "आत्या, बोईसरने माझं टक्कल करायचं ठरवलंय." आणि त्याच्याखाली प्रदूषणावरच्या त्या साडेआठशे रुपयांच्या शाम्पूची जाहिरात. फोनवर सांगायला लागले तर तू नुसतं "हं, हं" करत कपडे वाळत घालशील, म्हणून कागदच घेतला.

आधी एक काम कर. फणीतले वीस केस काळ्या कागदावर मांड आणि एकेकाची दोन्ही टोकं उजेडात बघ. एका टोकाला खसखशीहून लहान, पांढुरकी गाठ दिसली तर तो केस मुळापासून सुटून आलाय. गाठ नसेल तर मधेच तुटलाय. आपण दोन्हीला 'केस गेले' म्हणतो, पण दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. बावीस वर्षं मी एमआयडीसीतल्या लॅबमध्ये काढली. नमुना न बघता निकाल सांगणाऱ्याला आमचे साहेब दारातूनच परत पाठवायचे. ती खोड अजून गेलेली नाही.

गाठवाले जास्त निघाले तर बोईसरवर आळ घेऊ नकोस. जूनमध्ये तुला डेंग्यू झाला होता, आठवतंय? मोठ्या तापानंतर बरेचसे केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात. बाळंतपणानंतरही असंच होतं. हिशेब कर, बरोबर आत्ताचा महिना येतो. एरवीही दिवसाला पन्नास ते शंभर केस जातातच. हिमोग्लोबिन मात्र तपासून घे, डबा अर्धा परत आणायची तुझी सवय मला माहीत आहे. गळणं थांबलंच नाही तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा. शाम्पू केसाला लागतो, तापाला नाही.

आता तुटलेले. इथे बोईसरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला माझी हरकत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मोजणीत तारापूर, म्हणजे बोईसरचीच एमआयडीसी, १०० पैकी ९३.६९ गुण मिळवून देशात पहिलं आलं होतं. असा पहिला नंबर आल्यावर पेढे कोण वाटणार! खाडी आणि समुद्राच्या पाण्यासाठी हरित लवादाकडे गेली ती मांगेला या मच्छीमार समाजाची परिषद. आम्ही लॅबवाल्यांनी नाकाला रुमाल लावला आणि पाळी संपवून घरी आलो. तुझ्या बाबाचं कॉलेज त्याच पगारातून झालं. ते जाऊ दे, केसांबद्दल बोलत होतो.

केस म्हणजे कौलारू छप्पर समज. वरून खवले एकावर एक बसलेले, मुळाकडून टोकाकडे, आणि त्यांच्यावर तेलकट पदार्थाचा अगदी पातळ थर. ऊन, खारा वारा, साबण, घासाघीस यांनी तो थर जातो, खवले उचकटतात. माकडं नाचून गेल्यावर आपल्या जुन्या घराची कौलं सरकायची, तसंच. फरक एवढाच, की घरावर नवी कौलं घालता येतात. केस मुळाबाहेर आला की मेलेला असतो, तो स्वतःला दुरुस्त करत नाही आणि बाटलीतलं काही त्याला जिवंत करत नाही. आपल्या हातात राखणंच.

आणखी एक हिशेब. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. तुझी वेणी कमरेपर्यंत, म्हणजे शेंड्याचे केस पाचेक वर्षांपूर्वी उगवले. तेव्हा तू पालघरच्या शाळेत होतीस. बोईसरला लॅबच्या कामाला जाऊन तुला तीन महिने झाले, तिथे उगवलेला केस डोक्यालगत तीन सेंटीमीटर. शेंडा फाटलाय त्यात केळव्याच्या समुद्रातली डुंबाडुंबही आहे आणि बहिणीच्या लग्नात केस सरळ करायला लावलेली गरम इस्त्रीही.

धुराने केस गळतात असं जाहिरात छातीठोक सांगते, मी सांगणार नाही. मला दिसतं ते एवढंच: धूळ आणि काजळी केसावर बसते, ती काढायला आपण रोज डोकं खसाखसा घासतो, आणि त्या घासण्यात केस तुटतो. इथेच आपल्या घराण्याची चूक. आजी सकाळी तेलात चप्प दोन वेण्या घालून आपल्याला शाळेत पाठवायची. बोईसरच्या नवापूर नाक्यावर ट्रकच्या मागून तसं डोकं घेऊन जाणं म्हणजे चिकट कागद घेऊन फिरणं. तेल वाईट नाही, वेळ वाईट. रात्री लाव, नाहीतर न्हाण्याआधी तासभर. २००३ मध्ये रेळे आणि मोहिले या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल केसांवर लावून पाहिलं होतं. धुताना केसातलं प्रथिन निघून जातं ते खोबरेलाने कमी झालं, बाकी दोघांनी नाही. खोबरेलाचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे तो केसाच्या आत शिरतो. दोघं खोबरेल विकणाऱ्या मारिकोतलेच होते, तेव्हा जरा सावधपणे वाच. पण कारण पटण्यासारखं आहे, आणि केळवे-माहीमच्या वाडीतल्या आजीला ते कुणी सांगावं लागलं नव्हतं.

ओढणी बांध. सातपाटीच्या मासळीवाल्या मावश्या गाडीत चढतात तेव्हा बघ: अंबाडा घट्ट, वर पदर किंवा टॉवेल, मग पाटी. दिवसभर उन्हात बसायचं तर डोकं उघडं टाकत नाहीत. तू मात्र केस सोडून खिडकीशी बसतेस आणि बोईसरला उतरल्यावर गुंता ओढतेस. ओल्या केसांत बारीक फणी घालणं तर आजपासून बंद. ओला केस फुगतो, ताणला जातो, पटकन तुटतो. जाड दातांची फणी, तीही शेंड्यापासून वर. आणि टॉवेलने झोडपायचं नाही, टिपायचं.

राहिलं पाणी. तुमच्या इमारतीत बोअरचं येतं ना? बादलीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, म्हणजे जड पाणी. कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका होतो, तो केसावर बसतो आणि केस राठ लागतात. मला संशयावर भागत नाही. तुझ्या लॅबमध्ये ईडीटीए आणि एरिओक्रोम ब्लॅक टी असणारच. साहेबांना विचारून जडपणा मोजायचं एक टायट्रेशन कर. वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं, जांभळ्यावर फसायचं नाही. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाची अपेक्षा लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आतल्या जडपणाची आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुझा आकडा फार वर गेला तर अंगाचा साबण डोक्याला लावू नकोस, साधा शाम्पू घे, आणि शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे. पहिल्या सरींचं पाणी धरू नकोस, त्यात सगळी एमआयडीसी उतरलेली असते. आता सप्टेंबर आहे, चालेल.

साडेआठशे रुपयांचं म्हणशील तर शंभराच्या आतला कंडिशनर आण आणि उरलेल्या पैशांचं काहीतरी खा.

रविवारी ये. वीस केसांचा कागद आण, गाठवाले किती, बिनगाठीचे किती ते कोपऱ्यात लिहून. आजीने तेल काढून ठेवलंय. मागच्या दोन रिकाम्या बाटल्या तुझ्याकडेच आहेत, त्या आणल्याशिवाय तिसरी भरून देणार नाही म्हणते.

तुझी,
आत्या