सातपुड्याचीं चित्रें आणि देनवेचें पाणी

पचमढीचें नांव निघालें कीं विदर्भांतील जुन्या घरांतून महादेवाच्या यात्रेची आठवण होते. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीस जाणाऱ्यांत वऱ्हाड-नागपुराकडील मंडळींचा भरणा आजही मोठा असतो. परंतु ह्या देवस्थानांभोंवतीं पसरलेलें अरण्य १९८१ सालापासून सातपुडा राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेलें आहे, आणि येथील खडकांवर हजारों वर्षांच्या मनुष्यवस्तीच्या खुणा आहेत, इकडे यात्रेकरूंचें लक्ष क्वचितच जातें. गेल्या हिवाळ्यांत आम्ही सहकुटुंब तिकडे जाऊन आलों.

इटारसी-जबलपूर मार्गावरील पिपरिया स्टेशनावर उतरून मोटारीनें घाट चढावा लागतो. येथील डोंगर वालुकाश्माचे आहेत. कड्याचें कपाळ जेथें पुढें आलेलें असतें, तेथें ऊनपावसापासून सुरक्षित अशी ओसरीच तयार होते. अशा ओसऱ्यांच्या भिंतींवर गेरूच्या तांबड्या व पांढऱ्या रंगांत चित्रें काढलेलीं आहेत. १९३० नंतरच्या दशकांत जी. आर. हंटर ह्यांनीं येथील एका गुहेंत उत्खनन केलें, तेव्हां गारेचीं बारीक हत्यारें सांपडलीं. सगळीं चित्रें मात्र एका काळचीं नव्हेत. तरवारी घेतलेले घोडेस्वार हे बऱ्याच अलीकडील ऐतिहासिक काळांतले. कांहीं चित्रें त्यांहून फार जुनीं. आपले विष्णु श्रीधर वाकणकर ह्यांनीं १९५७ सालीं ज्या भीमबेटकाचा शोध लाविला, तेथेंही हीच परंपरा दिसते.

शिकार, नृत्य, गुरें, वन्य पशू असे नाना विषय आहेत; पण आमचें मन मध काढणाऱ्यांच्या चित्रावर खिळलें. पोळ्यास हात घालणारी एक मनुष्याकृती आणि भोंवतीं माशांचे ठिपके, एवढेंच तें चित्र. आमच्या दहा वर्षांच्या नातीनें तें बराच वेळ न्याहाळलें आणि विचारलें, "आजोबा, हीं माणसें मग गेलीं कोठें?"

उत्तर आमच्या वाटाड्यानें दिलें. तो कोरकू समाजाचा मध्यमवयीन गृहस्थ. तो म्हणाला, "गेलीं कोठें? आम्ही आहोंत कीं! माझें गांव ह्याच जंगलांत होतें." वाघासाठीं अरण्य राखतांना आंतील कित्येक गांव उठवून बाहेर वसविण्यांत आले. नव्या जागीं शाळा जवळ आहे, दवाखाना जवळ आहे, हें त्यानें मोकळेपणीं सांगितलें. "पण आमचा देव जंगलांतच राहिला," असेंही तो म्हणाला. त्यावर आमच्या मंडळींपैकीं कोणीच कांहीं बोललें नाहीं.

डोंगर उतरून दुसऱ्या दिवशीं आम्ही सोहागपूरमार्गें मढईस गेलों. येथें देनवा नदी नावेनें ओलांडून उद्यानांत प्रवेश करावयाचा असतो. पात्र एखाद्या सरोवराप्रमाणें विस्तीर्ण, पाण्यावर उत्तरेकडून आलेले पट्टकादंब तरंगत असलेले आणि पलीकडे निळसर डोंगरांची रांग! परंतु ही शोभा केवळ निसर्गाची नव्हे. पुढें तवा नदीवर १९७० च्या दशकांत धरण झालें, त्याचें पाणी येथवर चढलें आहे. त्या पाण्याखालींही गांव गेलेले आहेत. पैलतीरीं उठलेल्या गांवांच्या शेतांवर आतां कुरणें झालीं असून तेथें गवे व हरणें निर्भयपणें चरतात. शेकरू झाडावरून झाडावर झेपावतो. हें वैभव टिकावयास हवें, ह्याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं.

तरीही एक गोष्ट वाचकांपुढें ठेवावीशी वाटते. 'अरण्य' ह्या संस्कृत शब्दाच्या मुळाशीं 'अरण' म्हणजे दूरचा, परका असा अर्थ आहे. तें नांव गांवांत राहणाऱ्यानें ठेविलेलें. खडकावर मध काढणारा चितारणाऱ्यास तें परकें नव्हतें. आपण तेथें दोन दिवसांचे पाहुणे. पाहुण्यानें चित्रांस हात लावूं नये, रंग उजळावा म्हणून त्यांवर पाणी शिंपडूं नये, आपलें नांव कोरूं नये, हें तर झालेंच. पण वाघ दिसला नाहीं म्हणून खट्टू होऊन परतण्यापूर्वीं आपल्या वाटाड्यास त्याच्या गांवाचें नांव अवश्य विचारावें. नकाशांतून पुसलेलीं तीं नांवें निदान त्याच्या तोंडून तरी ऐकावयास मिळतील.