हौसेला मोल नसतं

"हौसेला मोल नसतं, काका," असं म्हणून तिनं गाऊन पिशवीत सरकवला, पाचशेच्या नोटेतले दीडशे परत दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी तुळशीबागेतून बाहेर पडलो, मंडईजवळ चहा प्यायलो, बस पकडून घरी आलो. वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. त्याला आज नऊ दिवस झाले.

गाऊन मेंदी रंगाचा आहे. पुढे चेन, डाव्या अंगाला खिसा, डबल एक्सेल. तो मी घालतो. हे एकदा सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. रोज नाही. जेवणं झाली, ओटा पुसला, दार लावलं की कधीतरी. कधी गाऊन, कधी साडी. इंग्रजीत अशा माणसाला क्रॉसड्रेसर म्हणतात. मराठीत शब्द नाहीत असं नाही, पण जे आहेत ते एकतर शिवीच्या जवळचे, नाहीतर नाटकातले.

आजवर मला पडलेला प्रश्न साधा व्यवहाराचा होता. बायकांचे कपडे स्वस्तात, आपल्या मापात आणि फारसं बोलावं न लागता कुठे मिळतील? यातली तिसरी अट सगळ्यात महाग पडते. कारण दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "कुणासाठी?" आणि दुसरा, "वहिनींचं माप काय?"

या दोन प्रश्नांची उत्तरं देता देता तुळशीबागेत माझी एक बायको तयार झाली आहे. उंची पाच फूट नऊ इंच. खांदे रुंद, कंबर जवळजवळ नाहीच. तिला बंद गळा आवडतो, बाही कोपरापर्यंत लागते आणि स्लीव्हलेस ती घालत नाही. "वहिनी एवढ्या उंच?" असं एकानं विचारलं होतं, तेव्हा ती शाळेत व्हॉलीबॉल खेळायची असं मी सांगून बसलो. पुढच्या वेळी त्यानं तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. माझी खरी बायको माझ्या खांद्याला लागते. तिला सगळं ठाऊक आहे. लग्नानंतर चौथ्या वर्षी मीच सांगितलं. ती त्यावर बोलत नाही. माझे गाऊन धुतले की ती आतल्या दोरीवर वाळत घालते आणि स्वतःचे बाहेरच्या.

तर ही जी विकणारी मुलगी, तिनं दोन्हीपैकी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या खांद्याकडे एकदा बघितलं आणि वरच्या खणातला गाऊन काढला. मग ते वाक्य. तिला कळलं होतं का? की दिवसातून पन्नास गिऱ्हाइकांना ती तेच म्हणते, सुटे पैसे मोजताना तोंड रिकामं राहू नये म्हणून?

हे वाक्य आमच्या घरात आई म्हणायची. पण तिच्या तोंडी त्याचे सूर दोन होते. कुणी मुलीच्या लग्नात घोडागाडी आणली की आई पदर तोंडाला लावून म्हणायची, "हौसेला मोल नाही हो." त्याचा अर्थ, उधळपट्टी चालली आहे. आणि आजीनं थरथरत्या हातांनी नातवाचं कुंची-झबलं शिवलं, टाके वाकडे आले, तेव्हाही तेच: "हौसेला मोल नाही." तिथं अर्थ, याची किंमत करता येणार नाही. शब्द तेच, मान हलायची तेवढी वेगळी.

मोल नाही म्हणजे अनमोल की कवडीमोल? 'मोल' या शब्दात दोन्ही बसतात. मोलाचा सल्ला म्हणजे भारी सल्ला, आणि मोलमजुरी म्हणजे हलकं समजलेलं काम. मोलकरीण मोल घेऊन काम करते म्हणून मोलकरीण. तिच्या मालकिणीला त्याच कामाचं काही मिळत नाही, तर तिला गृहिणी म्हणतात. मग हौशी माणसाला मोल नाही याचा साधा अर्थ, त्याला कुणी पैसे देत नाही, एवढाच असेल. हौशी रंगभूमी हा शब्द तसाच वापरतो आपण. आणि 'हौस' तरी कुठली? फारसीतून आलेली 'हवस' ती. हिंदीनं ती ठेवली तिथं ती वासना झाली, दाराआडची. मराठीनं उचलली ती हळदीकुंकवाला चालेल अशी करून. एकाच शब्दाची ही दोन पोरं. माझ्याकडे यातलं कोणतं आहे, हे मी अठ्ठावीस वर्षं ठरवतो आहे. कधी वाटतं, गाऊनमध्ये बसून मी शब्दकोडं सोडवतो, त्यात कसली आली वासना. कधी वाटतं, मग दार का लावतो?

स्वस्ताईचं म्हणाल तर गाऊनसारखा दयाळू कपडा नाही. कुर्ती छातीत बसते आणि खांद्यात अडकते, कारण बायकांचं माप छातीवर ठरतं आणि आमचं भांडण मुंढ्याशी असतं. काफ्तानला वेगळा मुंढाच नसतो, म्हणून तो चालतो. साडीला तर मापच नाही. पाचवारी साडी कुणाचंही शरीर न विचारता गुंडाळून घेते. चारशे रुपयांत सिंथेटिक मिळते, इस्त्री नको. नडतो तो ब्लाऊज. शिलाई साडीपेक्षा जास्त, आणि शिवायला शरीर न्यावं लागतं. पाच फूट नऊ इंचांच्या बायकोला शिंप्याकडे पाठवता येत नाही. शेवटी ताणणाऱ्या कापडाचा तयार ब्लाऊज, किंवा साधा काळा टी-शर्ट. घरपोच मागवायची सोय झाली तेव्हा वाटलं, सुटलो. मोबाइल 'कुणासाठी' विचारत नाही. पण कपडा परत पाठवताना कारण विचारतात आणि माझं कारण त्या यादीत नसतं.

बिनधास्त वावरता येतं ती जागा एकच, ड्रेपरीवाल्याचं दुकान. तिथं शिवलेली नऊवारी, गंगावन, ठुशी, नथ सगळं भाड्यानं. डिपॉझिट ठेवा, दोन दिवसांनी परत करा. तिथंही प्रश्न असतो, पण 'कुणासाठी' हा नसतो. "कुठलं नाटक?" असं विचारतात. "सोसायटीत 'मोरूची मावशी' बसवतोय," असं मी एकदा म्हणालो. ड्रेपरीवाला खूश झाला. अत्र्यांच्या त्या नाटकानं किती पुरुषांना लुगडं मिळवून दिलं असेल! त्यानं दोन रुपये कमी घेतले, वर विगाला कंगवा कसा घालायचा ते शिकवलं. लोकांना हसवायला साडी नेसायची असेल तर अख्खं गाव मदतीला येतं. गप्प बसून शब्दकोडं सोडवायला नेसायची असेल तर त्या नाटकाला नाव नाही. नऊवारी दोन रात्री घरी होती. पहिल्या रात्री मी ती घातली आणि खरोखरच मावशीसारखा दिसलो. दुसऱ्या रात्री पिशवी उघडली नाही.

बालगंधर्वांचं नाव इथं येणारच होतं. आमच्यासारखे लोक ते नाव एखाद्या मामलेदाराच्या सहीसारखं जवळ बाळगतात. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांचं बघून घरंदाज बायका नेसायला शिकल्या असं सांगतात. खरे शालू, खरे दागिने, खरं अत्तर. हौसेला मोल नाही याचं इतकं खर्चिक उदाहरण मराठीत दुसरं नसेल, मंडळी कर्जात रुतली ती रुतलीच. १९६४ मध्ये पद्मभूषण, १९६७ मध्ये निधन, १९६८ मध्ये पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर. तिथं गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. मी अनेक नाटकं त्या चित्रांकडे बघत घालवली आहेत. पण त्यांच्या नावाचा आधार मला घेता येत नाही, असं अलीकडे वाटतं. ते रुक्मिणी होत, सिंधू होत. मी कुणीच होत नाही. गाऊन घातलेला मीच असतो, चष्म्यासकट.

त्यापेक्षा लक्ष्मी रस्त्यावरचे साडीविक्रेते मला जवळचे वाटतात. पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग, समोर चार बायका, आणि एक मिशीवाला गृहस्थ झटक्यात निऱ्या काढून कमरेला खोचतो, पदर खांद्यावर टाकतो, वळून दाखवतो. "अंगावर बघा, ताई." पॅन्टवर पैठणी. कुणी हसत नाही. सगळ्या काठाकडे बघत असतात. दिवसातून तीस वेळा तो नेसतो आणि तीस वेळा सोडतो. त्याला त्याचा पगार मिळतो. म्हणजे मोल मिळालं की ती हौस राहत नाही आणि मग कुणाची हरकत नसते, असं काहीतरी असेल का? त्याला कधी काठ गालाला लावावासा वाटत असेल का, हे विचारायला मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा रुमाल घेऊन परत आलो.

मोलाचा हिशेब खरा कुणाला येत असेल तर तो बोहारणीला.

आमच्या वाड्यात ती दुपारी यायची, बायका जेवून लवंडलेल्या असताना. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं. मुंबईत हा धंदा करणाऱ्या बऱ्याच जणी गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या. आमच्याकडची कुठली होती कुणी विचारलं नाही. ती पायरीवर बसायची आणि आई कपाटातले जुने कपडे बाहेर काढायची. वडिलांची टेरिलीनची पॅन्ट तिला आवडे. सुती कपड्याला ती नाक मुरडे. जरीची साडी आली की काठ नखानं खरवडून बघायची; खरी जर असेल तर भाव निराळा. साडी दोन्ही हातांत ताणून उन्हाकडे धरायची आणि जिथं कापड विरलेलं असेल तिथून तिला पलीकडचं पारिजातकाचं झाड दिसायचं. "बघा बाई," म्हणायची, "जाळी झाली." आई म्हणायची, "दोनदा नेसले असेन." मी आठ वर्षांचा, पायरीच्या कोपऱ्यात. त्या साडीत आई दोनशेदा तरी स्वयंपाकघरातून ओसरीवर आलेली मी पाहिली होती.

ती साडी बाटलीच्या हिरव्या रंगाची होती, काठ विटकरी. मला ती द्यायची नव्हती. का, ते सांगता येईना. मी म्हणालो, "ही नको देऊ." आई म्हणाली, "तुला काय करायचीय? तू नेसणारेस?" बोहारीण हसली, आई हसली, मीही हसलो. पुढे तासभर घासाघीस चालली. बोहारीण दोनदा उठून फाटकापर्यंत गेली, आईनं दोनदा परत बोलावलं. शेवटी ती साडी, दोन पॅन्टी आणि माझा लोकरीचा स्वेटर मिळून एक दीड लिटरचं पातेलं आलं.

ती साडी पुढे कुठे गेली असेल याचा विचार मी फार केला आहे. बोहारणीकडून कपडे बाजारात जातात, तिथं निवडले जातात. धड असतील ते धुऊन, सांधून पुन्हा विकले जातात, नसतील त्यांच्या गोधड्या आणि पुसणी होतात. आमच्या पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. अगदी कमी पैशांत कपडे हवे असतील तर असल्या बाजारासारखी जागा नाही. जमिनीवर पसरलेल्या ढिगाशी उकिडवं बसायचं आणि उपसायचं. तिथं सगळेच दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी घेत असतात, त्यामुळे 'कुणासाठी' हा प्रश्न निघत नाही. जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकारचे लोक येतात म्हणतात. मी स्वतःला हौशा समजत होतो. त्या ढिगाशी बसल्यावर कळतं की मी गवशा आहे. पन्नास रुपयांची साडी उचलतो, सवयीनं दोन्ही हातांत ताणून उन्हाकडे धरतो, आणि रंग हिरवा असला की काठ बघतो.

ती साडी मिळणार नाही हे मला समजतं. पंचेचाळीस वर्षं कुठली सिंथेटिकही टिकत नाही, ती तर सुती होती. सुती होती तर बोहारणीनं घेतली कशी, हे मात्र हे लिहिताना पहिल्यांदाच लक्षात आलं. म्हणजे ती सुती नव्हती, किंवा बोहारीण सुती कपड्याला नाक मुरडत नव्हती, किंवा पातेलं फक्त पॅन्टींवर आलं आणि साडी आईनं वर टाकली. बिनमोल.

आता हे सगळंच डळमळलं. मला बायकांचे कपडे आवडतात, की मी एक विशिष्ट साडी शोधतो आहे? आईनं विचारलेला प्रश्न, 'तू नेसणारेस?', हा खरोखर प्रश्न होता का? त्या मुलीचं वाक्य गाऊनवर होतं की माझ्यावर, हे विचारायला परत जावंसं वाटतं. पण परत गेलो आणि तिनं "वहिनींना बसला का?" असं विचारलं तर?

पातेलं घरात आहे. आई गेल्यावर मी तेवढंच मागून आणलं. बुडाला पोचा आलाय, कडेला नाव घातलंय ते आता नीट वाचता येत नाही. दीड लिटरचं आहे, पण सव्वा लिटरच्या वर दूध घातलं की उतू जातं.