कुलूप आणि वही

मुलाच्या हातातील वस्तू काढून घेण्यास क्षण पुरतो; ती परत केव्हा द्यावी, हा प्रश्न मात्र आईवडिलांना कित्येक दिवस छळतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका मराठी घरात असेच घडले. दहावीत शिकणारी मुलगी रात्री फोनवरून वर्गाची टिपणे उतरवून घेत असल्याचे सांगे. एकदा रात्री दीड वाजता पांघरुणाआडून उजेड दिसला. आईने पाहिले, तर मैत्रिणींशी गप्पा रंगल्या होत्या. फोन कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी जाऊन बसला.

दोन दिवस मुलीने अबोला धरला, मग आर्जवे केली, शेवटी वाद घातला. शाळेच्या सूचना फोनवरच येतात, हे तिचे म्हणणे खोटे नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत शिकण्यासाठी आईवडिलांनीच तिच्या हाती फोन दिला होता. आईने आपला फोन रोज संध्याकाळी अर्धा तास देऊ केला. गरज भागली, गेलेला मान मात्र परत आला नाही.

कोंडी फोडली ती आजीने. १९८० च्या दशकात घरी तबकडीचा काळा फोन होता. आजोबा तबकडीच्या छिद्रात छोटे कुलूप अडकवून कामावर जात. चौदा वर्षांच्या मुलाने, म्हणजे हिच्या वडिलांनी, त्यावर तोड शोधली. रिसीव्हर ठेवण्याच्या जागेवरील कळ झटपट तीनदा दाबली की तीनचा अंक लागे. शून्यासाठी ती दहादा दाबावी लागे. फिरणारी तबकडीही तारेतील प्रवाह तितक्याच वेळा तोडत असे. मित्रांना फोन लागले, बिलही वाढले. आजोबांनी कुलूप काढले आणि फोनशेजारी वही ठेवली. कोणाला फोन केला, ते त्यात लिहायचे! कुलपावर युक्ती चालली होती, वहीवर चालेना. हे ऐकून वडील हसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले.

दुसऱ्या दिवशी मुलीने एक वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यात अभ्यासाचे वेळापत्रक असेल, असे त्यांना वाटले. (अशा प्रसंगी मुले बहुधा तेच लिहितात.) पहिल्या पानावर होते ते वेगळेच : कोणालाही ठाऊक नसलेले तिचे दुसरे एक खाते होते आणि ते उघडताना तिने आपले वय अठरा लिहिले होते. वडिलांनी पान दोनदा वाचले. ते खाते तिने त्यांच्यासमोरच बंद केले.

फोन लगेच मिळाला नाही, आणि तो मिळेल अशी तिची अपेक्षाही नव्हती. आठवड्याने मिळाला. रात्री दहाला तो बैठकीच्या खोलीत ठेवायचा आणि शेजारच्या वहीत दिवसाची नोंद करायची, असे ठरले. महिनाभरात एका दिवसाची जागा कोरी राहिली. आईच्या ते लक्षात आले. तिने वही मिटली आणि पुन्हा फोनशेजारी ठेवली.