रेशमाच्या गावची युमिंग

टोकियोतलं चोफू मागे पडलं तसं गाडी चालवणाऱ्या आमच्या ठाणेकर मित्राने ‘चुओ फ्रीवे’ लावलं. गाणं १९७६ सालचं, युमी आराईचं. लग्नानंतर ती युमी मात्सुतोया झाली. जपानला ती ‘युमिंग’ म्हणूनच ठाऊक आहे. आम्ही चाललो होतो त्याच चुओ द्रुतगती मार्गावर ते रचलेलं. या रस्त्याचा चोफू ते हाचिओजी हा टप्पा १९६७च्या डिसेंबरात खुला झाला. गाण्यात येणारं रेसकोर्स आणि बिअरचा कारखाना दोन्ही खरे आहेत, फुचूमधले. पण रेसकोर्सच्या बाजूला आवाज अडवणारी भिंत उभी आहे, त्यामुळे घोड्यांऐवजी राखाडी पत्रेच बघायला मिळतात. एरवीही गोदामं आणि इमारतींनी भरलेल्या या रस्त्यावर प्रेमगीत सुचावं असं काही नाही. तिला सुचलं, कारण तिच्या घरची वाट ही होती.

तिचं हाचिओजी हे जुन्या कोशू काइदो महामार्गावरचं मुक्कामाचं गाव, रेशमाच्या बाजारासाठी नावाजलेलं. आसपास तुतीची शेतं, घरोघरी माग. मालाबरोबर व्यापारी आले आणि त्यांच्या सरबराईसाठी गेशांची वस्तीही वाढली. १९४५च्या ऑगस्टमध्ये, युद्ध संपायला दोन आठवडे उरले असताना, एका रात्रीच्या बॉम्बफेकीत शहराचा बहुतेक भाग जळून गेला. त्यामुळे रुंद, सरळ रस्त्यावरून चालताना जुनं असं फारसं काही भेटत नाही. पश्चिमेकडे गेलं की १९२७मध्ये लावलेल्या गिंको झाडांची रांग लागते, तेवढीच.

आराईंचं किमोनोचं दुकान मात्र याच महामार्गावर आहे, १९१२पासूनचं. काचेआड कापडाचे तागे उभे करून ठेवले होते आणि एक उलगडून आडव्या दांडीवर टाकला होता. जेमतेम हातभर पन्हा, लांबी बारा मीटरच्या आसपास. एवढ्यात एक किमोनो होतो. फिकट करड्या रंगावर पानांची नक्षी, तीही खालच्या टोकाला दाट आणि वर विरळ होत गेलेली. १९५४मध्ये जन्मलेली युमी असल्या कापडात वाढली. पुढे तामा कला विद्यापीठात ती जपानी पद्धतीची चित्रकला शिकली. तिच्या गाण्यांत भावनेच्या आधी दृश्य येतं, ते मला या दुकानाचं देणं वाटतं.

सूर मात्र बाहेरून आले. सहाव्या वर्षी पियानो, मग शामिसेन, चौदाव्या वर्षी बेस गिटार. मिशनरी शाळेच्या चॅपलमधल्या पाइप ऑर्गनने तिला वेड लावलं. जवळच्या ताचिकावाला अमेरिकेचा हवाई तळ होता. तिथल्या दुकानातून ती परदेशी रेकॉर्ड मिळवायची. रात्री घरातून सटकून टोकियोतल्या ‘कियांती’ या इटालियन रेस्तराँत जायचं, जिथे कलावंतांचा अड्डा असे, आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने परतायचं, हाही उद्योग शाळकरी वयातलाच.

सतराव्या वर्षी तिचं गाणं दुसऱ्या गायकासाठी घेतलं गेलं. तिला गीतकार-संगीतकारच व्हायचं होतं. संगीतकार कुनिहिको मुराई यांनी तिला स्वतः गायला लावलं. १९७२ची पहिली रेकॉर्ड सपशेल पडली. पहिला अल्बम ‘हिकोकी-गुमो’ करायला वर्षाहून अधिक काळ गेला, कारण सूर थरथरवायची तिची सवय मोडून आवाज सपाट, सरळ करायचा होता. साथीला हारुओमी होसोनोंसारखे वादक होते. कीबोर्डवर होते मासाताका मात्सुतोया, तिचे भावी पती. अल्बम १९७३च्या नोव्हेंबरात आला. शीर्षकगीत एका शाळासोबत्याच्या मृत्यूवरून सुचलेलं. चाळीस वर्षांनी हायाओ मियाझाकींनी ते आपल्या ‘द विंड रायझेस’ चित्रपटात घेतलं. त्या आवाजाला पुष्कळांनी नावं ठेवली. मला विचाराल तर तो सपाटपणाच गाण्याला रडकं होऊ देत नाही.

दुपारी यारिमिझुला गेलो. तामा विद्यापीठाचा हाचिओजीचा परिसर आता इथेच आहे. १८५९मध्ये योकोहामा बंदर खुलं झालं आणि हाचिओजीचं रेशीम या टेकड्यांवरून तिकडे जाऊ लागलं. त्या ‘रेशीमवाटे’चा एक कच्चा तुकडा राखून ठेवला आहे. दोन्हीकडे दरड, पायाखाली खडी आणि ओला पालापाचोळा. समोरून कोणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. एका बड्या व्यापाऱ्याच्या वाड्याच्या जागी आज संग्रहालय आहे. वाड्यात परदेशी पाहुण्यांसाठी निराळी इमारत होती म्हणे. विलायतेशी व्यवहार इथे युमीच्या कितीतरी आधीपासून चालू होता. तिने ऑर्गन आणि रेकॉर्डमधून तोच पुढे चालवला.

व्यापाऱ्यांची चलती फार टिकली नाही. १८८९मध्ये कोबू रेल्वे हाचिओजीला पोचली, माल आगगाडीने जाऊ लागला आणि ही वाट ओस पडली. त्याच कोबू रेल्वेची पुढे चुओ लाइन झाली. ‘कियांती’हून घरी परतायला युमी पहाटे जी पहिली गाडी पकडायची, ती या लाइनवरचीच.