पाठीवरची ऊब

निवृत्तीनंतर नर्मदामाईची परिक्रमा पायी करावयाची, हा आम्हां उभयतांचा संकल्प फार जुना. २०२३ च्या कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून निघावयाचे ठरले, तेव्हा इंदूरच्या आप्तेष्टांनी नाना प्रश्न विचारले. शूलपाणीच्या झाडीत भय नाही ना? सदावर्त सगळीकडे मिळते ना? आम्हांस मात्र ज्या प्रश्नाने वर्षभर आधीपासून ग्रासले होते, तो अगदीच घरगुती होता. रात्री पांघरावयाचे काय?

वाचकांस हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु आम्हांपैकी एकीचा उजवा गुडघा कुरकुरू लागला होता आणि डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते की, पाठीवर सहा किलोंहून अधिक ओझे घ्याल तर परिक्रमेचा विचार सोडा. कपडे, भांडे, पाणी, औषधे यांची बेरीज केल्यावर अंथरूण-पांघरुणासाठी प्रत्येकी दीड किलो उरत होते. पैशांची मर्यादाही तशीच होती. निवृत्तिवेतनातून दोघांच्या अंथरूण-पांघरुणासाठी तीन हजारांहून अधिक काढणे शक्य नव्हते.

घरात आमच्या कैलासवासी आईंनी स्वतः शिवलेली गोधडी होती. तिच्यात त्यांची जुनी लुगडी होती आणि परिक्रमेची त्यांची स्वतःची इच्छा संसाराच्या रगाड्यात राहून गेली होती. तेव्हा ती गोधडी तरी माईच्या काठाने फिरून यावी, असे आमच्या मनाने घेतले. वाण्याच्या काट्यावर ठेवली, तर साडेतीन किलो भरली. घरी परतताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मग बाजार धुंडाळणे आले. जयपुरी रजईची कीर्ती अशी की, तिच्यात पाव किलोच कापूस असतो. आम्हांस दाखविलेली रजई हाती हलकी लागली खरी, पण कापूस तो कापूसच. नदीकाठचे दव तो शोषून घेतो, जड होतो आणि लवकर वाळत नाही. लोकरीची घोंगडी ओलीतही ऊब देते, पण वजनात गोधडीचीच बहीण. शेवटी गिर्यारोहणाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानात स्लीपिंग बॅग पाहिल्या. बदकांच्या मऊ पिसांनी भरलेली पिशवी मुठीत मावावी इतकी दबत होती आणि सोडताच फुगत होती. वजनाच्या मानाने तिच्याइतकी ऊब दुसरे काहीच देत नाही. मात्र भिजली की पिसांचा गोळा होतो. किंमत ऐकून आम्ही ती आदराने जागेवर ठेवली. स्वस्तातल्या कृत्रिम धाग्यांच्या पिशव्या दोन किलोंच्या घरात होत्या. त्यांच्यावर ‘शून्य अंश’ असे ठसठशीत छापलेले होते.

या आकड्यांविषयी एक गोष्ट तेथे कळली, ती सांगून ठेवतो. चांगल्या पिशवीवर तीन तापमाने दिलेली असतात. पहिले, ज्यात सामान्य स्त्रीला सुखाने झोप लागावी असे. दुसरे, ज्यात सामान्य पुरुष अंग मुडपून कशीबशी रात्र काढील असे. तिसरे, ज्यात केवळ जीव वाचावा असे. विकताना बहुधा सर्वांत थंड आकडा पुढे केला जातो. घेणाऱ्याने पाहावयाचा तो पहिला.

आमची ही वणवण संपविली ती एका वृद्ध पिंजाऱ्याने. गोधडीतील कापूस पिंजून हलका होईल काय, एवढेच विचारावयास आम्ही गेलो होतो. त्याने गोधडी चाचपली आणि हसून सांगितले की, हिच्यात पिंजण्याजोगे काही नाहीच. लुगड्यांवर लुगडी आहेत. मग तो म्हणाला की, माणूस कापूस पांघरत नाही, कापसात अडकलेली हवा पांघरतो. बसलेला कापूस पिंजला की ऊब परत येते. कापूस वाढत नाही, हवा वाढते.

इतकी वर्षे आम्ही जडपणालाच ऊब समजत आलो होतो! एकदा हे उमगल्यावर पुढचा हिशेब सोपा झाला. अंगाखाली दबलेल्या भरावात हवा उरत नाही. म्हणजे स्लीपिंग बॅगेचा पाठीखालचा अर्धा भाग बव्हंशी फुकटच वाहावा लागतो. खाली न दबणारे काही असावे आणि वर फुगीर पांघरूण असावे, एवढे पुरे. आम्ही पॉलिएस्टरच्या भरावाचा तागा आणला. हा चौरस मीटरच्या वजनावर विकतात. आम्ही दीडशे ग्रॅमचा घेतला आणि त्याचे दोन थर ठेवले. वरून छत्रीसाठी वापरतात तसले पातळ नायलॉन लावले, कारण त्यावरचे दव झटकता येते. खांद्याशी रुंद आणि पायांशी निमुळते असे बेतल्यामुळे कापड वाचले. टाके मुद्दाम विरळ घातले, कारण जेथे टाका तेथे थर चेपतो आणि थंडीला वाट मिळते.

राहिले आतले अस्तर. आईंचे एक नऊवारी लुगडे ट्रंकेत होते, धुऊन धुऊन मलमलीसारखे झालेले. गोधडी नेता येत नव्हती. हे नेता येणार होते. कात्री हाती घेऊन आम्ही बराच वेळ बसून होतो. अखेर निम्मे कापले. तेवढ्यात दोन्ही पांघरुणांचे अस्तर झाले. प्रत्येकी वजन भरले एक किलो साठ ग्रॅम.

जानेवारीत घराच्या गच्चीवर परीक्षा घेतली आणि पहिल्याच रात्री नापास झालो. वरून ऊब आणि खाली सतरंजीतून बर्फासारखी फरशी. दुसऱ्या दिवशी न दबणाऱ्या फोमच्या तीनशे ग्रॅमच्या चटया आणल्या. पाठ निवांत झाली, पण कूस बदलली की बाजूने वारा शिरे. तेव्हा पायांकडची दीड फूट बाजू पिशवीसारखी शिवली आणि मध्यभागी दोन बंद लावले. तिसऱ्या रात्री आम्हांस जाग आली ती उन्हे वर आल्यावर! चटयांसह सारा खर्च दोन हजार सातशे रुपये झाला.

परिक्रमेत माई उजव्या हाताला ठेवून चालावयाचे असते. दक्षिण तटाने समुद्रापर्यंत गेलो, नावेतून उत्तर तटावर आलो आणि ऐन थंडीत नेमावरच्या आसपास पोहोचलो. तेथे एका धर्मशाळेत जागा नव्हती. ओसरीवर झोपावे लागले. पहाटे नायलॉनवर दवाचे थेंब उभे होते. स्वेटर, कानटोपी आणि कोरडे मोजे घालूनही पावले गारठलीच. सुख झाले असे म्हणणार नाही. पण अंग कापले नाही आणि सकाळी गुडघा चालावयास तयार होता. आम्हांस तेवढेच हवे होते. मग रोज दुपारच्या मुक्कामी पांघरुणे उन्हात टाकण्याचा आणि ती पिशवीत करकचून न कोंबण्याचा नेम केला. सतत दाबून ठेवले तर भराव बसतो आणि ऊब जाते.

आता ती दोन्ही पांघरुणे धुऊन कपाटात ठेवली आहेत. साडेतीन किलोंची गोधडी नेहमीप्रमाणे पलंगावर आहे आणि इंदूरच्या थंडीत तिच्यासारखे सुख नाही. परवा शेजारचे एक जोडपे मापे मागावयास आले. तेही येत्या कार्तिकात निघणार आहेत. आम्ही कागदावर मापे उतरवून दिली, भरावाचे दुकान सांगितले, बंद कोठे लावावेत तेही दाखविले. अस्तराचे कापड कोणते घ्यावे, असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, "ते तेवढे आपल्या घरातूनच शोधा."