पिशवीवरचे चित्र आणि आतले बी



गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस सोयाबीनच्या उगवण चाचणीचे प्रात्यक्षिक द्यायला नांदूरघाटला गेलो होतो. हे काम मी पंचवीस-तीस वर्षे करीत आलो आहे. ओले गोणपाट अंथरायचे, त्यावर शंभर दाणे मोजून ठेवायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, वरचेवर पाणी शिंपडायचे आणि आठवड्याने किती उगवले ते मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बी चांगले. त्याहून कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे, फारच कमी उगवले तर बी बदलायचे. यात खर्च काही नाही, आणि चाचणी केली की दुबार पेरणीचे एक कारण तरी टळते.

कार्यक्रम आटोपला, मंडळी पांगली. एक ओळखीचे शेतकरी मात्र मागे थांबले. त्यांना आम्ही बापू म्हणतो. बापूंनी खिशातून घडी केलेला चकचकीत कागद काढला.

"साहेब, जरा हे बघा बरं. लेकरानं आणलंय. शनिवारपर्यंत पैसे भरायचेत म्हणतेत."

पुण्यातल्या एका संगणक प्रशिक्षण संस्थेची ती जाहिरात होती. सहा महिन्यांत आय.टी.मध्ये नोकरी, १०० टक्के प्लेसमेंट. खाली कोट-टाय घातलेल्या सहा मुलांचे फोटो आणि प्रत्येकाचा पगार. मुलगा बी.एस्सी. झालेला. त्याने केजला संस्थेच्या 'मोफत मार्गदर्शन शिबिरा'त परीक्षा दिली होती आणि त्याला चाळीस हजारांची शिष्यवृत्ती मिळाली होती. म्हणजे एक लाख साठ हजारांची फी एक लाख वीस हजारांवर आली. वीस हजार शनिवारपर्यंत रोख, बाकी एक लाख 'बिनव्याजी' हप्त्यांनी, चोवीस महिन्यांत.

"मग पैसे कुठून आणणार?" मी विचारले.

"म्हैस काढावी म्हणतो. दुसऱ्या वेताची आहे, गिऱ्हाईक दारात येईल."

वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लेकराचं चांगलं होत असंल तर म्हशीचं काय, पुन्हा घेता येईल. पण साहेब, होईल का चांगलं?"

या प्रश्नाला मला पटकन उत्तर देता आले नाही. त्याचे कारण आजवर मी कोणाला सांगितले नव्हते. आज सांगतो.

२०१२ साली माझ्या थोरल्या मुलासाठी मी अशाच एका संस्थेत पंच्याऐंशी हजार रुपये भरले होते. भविष्य निर्वाह निधीतून काढले. पुण्याला त्यांच्या थंडगार कचेरीत चहा आला. टेबलापलीकडचा तरुण अतिशय अदबीने बोलत होता. त्याला तेथे 'समुपदेशक' म्हणत. तो म्हणाला, "सर, तुमच्यासारखे जागरूक पालक फार थोडे. दोनच जागा राहिल्यात. उद्या ही सवलत देता येणार नाही." बियाण्याच्या दुकानात लॉट नंबर आणि चाचणीची तारीख पाहिल्याशिवाय पिशवी घेऊ नका असे गावोगाव सांगणारा मी, तेथे सहा पानांचा करार न वाचता सही करून मोकळा झालो. तो समुपदेशक नसून विक्रेता होता, प्रवेशामागे त्याला पैसे मिळत होते, हे नंतर कळले.

तीन महिन्यांत तीन शिक्षक बदलले. नोकरीची हमी म्हणजे तीन ठिकाणी मुलाखतीला पाठवणे, आणि त्यांपैकी दोन जागा फोनवरून विमा विकण्याच्या निघाल्या. करारात 'नोकरी' हा शब्दच नव्हता, 'प्लेसमेंट साहाय्य' होता. सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र मिळाले. पुढे ज्या कंपनीत मुलगा गेला तेथे त्यांनी विचारले, "हे कोणाचे?" मुलाने पुढे स्वतःच्या हिमतीने काम शिकून पोट भरले, पण ते पैसे बुडाले ते बुडालेच. आणि मी गप्प राहिलो. साहेबच फसले असे गावात कशाला होऊ द्यायचे?

बंधूंनो, या धंद्याची सगळी मेख येथेच आहे. ज्यांना नोकरी लागली त्यांचे फोटो छापले जातात. ज्यांना लागली नाही ते घरी येऊन गप्प बसतात, आणि त्यांचे बापही गप्प बसतात. शेतात उगवलेले रोप रस्त्यावरून दिसते, न उगवलेला दाणा मातीतच कुजतो. सहा रोपे पाहून कोणी पिशवीची उगवणशक्ती ठरवत नाही. किती दाणे टाकले होते, हे आधी विचारावे लागते.

म्हणून बापूंना मी म्हणालो, "गोणपाटावर जे केलं, तेच इथं करू." मुलाला बोलावून घेतले आणि कागदावर पाच प्रश्न लिहून दिले.

पहिला : मागच्या तुकडीत एकूण मुले किती होती, आणि त्यांतल्या सगळ्यांचे काय झाले? त्यांनी निवडून दिलेली दोन नावे नकोत. यादीतून दहा नावे आपण काढायची आणि फोन करायचा. मुलगा कोठे आहे, काम काय, पगार हातात किती, हे विचारायचे.

दुसरा : प्रमाणपत्र कोणाचे? हे नीट समजून घ्या. सिस्कोची सीसीएनए किंवा रेड हॅटची आरएचसीएसए यांसारखी जी प्रमाणपत्रे बाजारात चालतात, ती ती कंपनी स्वतःची परीक्षा घेऊन देते. कोणत्याही क्लासला न जाता, घरी अभ्यास करूनही त्या परीक्षेला बसता येते. सीसीएनएच्या परीक्षेची फी ३०० डॉलर आहे, आणि ते प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. क्लासच्या फीमध्ये ही परीक्षा धरली आहे की नाही, ते लेखी घ्यावे. क्लासने स्वतः छापलेला कागद आणि कंपनीचे प्रमाणपत्र यांत आपले राखून ठेवलेले बी आणि निळ्या टॅगचे प्रमाणित बी यांइतका फरक असतो. भिंतीवर 'आयएसओ' लिहिलेले असले तर त्याचा संबंध कचेरीच्या कामकाजाच्या पद्धतीशी असतो. मुलाला नोकरी लागेल असा त्याचा अर्थ होत नाही.

तिसरा : हप्ते म्हणजे कोणाचे कर्ज? पुष्कळदा ते एखाद्या वित्त कंपनीचे कर्ज असते. क्लासला पैसे एकदम मिळतात आणि मुलाच्या नावावर किंवा बापाच्या जामीनकीवर कर्ज चढते. क्लास बंद पडला, मुलगा सोडून आला, तरी हप्ता खात्यातून कटतच राहतो. थकला तर पत खराब होते, आणि पुढे ट्रॅक्टरचे किंवा घराचे कर्ज मागायला गेलो की बँक तेच दाखवते. २०२३ साली बंगळुरूत अशाच एका प्रशिक्षण संस्थेविरुद्ध, मुलांच्या नावावर कर्जे उचलल्याच्या तक्रारींवरून, पोलिसांत प्रकरण गेले होते.

चौथा : नोकरीची हमी शिक्क्यासह लेखी देता का, आणि नोकरी लागली नाही तर पैसे किती दिवसांत परत करणार?

पाचवा : पैसे भरण्याआधी दोन दिवस चालू वर्गात बसू देता का?

बापू थोडा वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे साहेब, ही उचलच झाली की." बीड जिल्ह्यातल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचे? मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर गेलेल्या जोडप्याला ती फिटेपर्यंत मागे फिरता येत नाही. पण तेथे काम तरी ठरलेले असते. येथे उचल आधी अंगावर येते आणि कामाचा पत्ताच नसतो.

मुलगा माझ्यावर रागावला होता. "काका, गावात राहून काय करू मग?" असे त्याने तोंडावर विचारले, आणि त्याचे चुकत नव्हते. शेतीचा भरवसा नाही, नोकरीची वये निघून चाललेली. याच काळजीवर ही दुकाने चालतात. सगळेच क्लास लबाड असतात असे मी म्हणत नाही. चांगले शिकवणारेही आहेत, पण ते वरचे प्रश्न ऐकून चिडत नाहीत.

स्वस्त वाटाही त्याला दाखवल्या. आय.टी.आय.मध्ये 'कोपा' नावाचा एक वर्षाचा संगणकाचा अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारच्या नाइलिट संस्थेचा 'ओ' लेव्हल आहे आणि तिचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे पुष्कळ पाठ मराठीतून आणि फुकट आहेत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात, परीक्षा द्यायची तरच थोडी फी पडते. यांतल्या कशानेही नोकरीची हमी मिळत नाही, हेही मी सांगितले. २०२३ नंतर मोठ्या आय.टी. कंपन्यांनी नवख्यांची भरती आवरती घेतली, हेही लपवले नाही. पण या कामाची आपल्याला गोडी आहे की नाही, एवढे चार-सहा महिन्यांत म्हैस न विकता कळते. गोडी पक्की झाली की मग चांगला क्लास शोधून पैसे घालावेत.

पुढचे सांगतो. मुलाने संस्थेला फोन केला. पाचांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाले नाही. शनिवार मात्र पुढच्या शनिवारवर गेला, आणि तेथून महिनाअखेरीवर. सवलत दहा हजारांनी वाढली. तेव्हा मुलगाच बापूंना म्हणाला, "दादा, हे ठीक दिसत नाही."

ज्यांनी पैसे भरून टाकले आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. पावती, करार, जाहिरातीचा कागद आणि फोनवरचे निरोप जपून ठेवा. बियाणे उगवले नाही तर पिशवी, टॅग आणि पावती लागते, तसेच हे आहे. मूळ गुणपत्रके कोणाकडे अडकवून ठेवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि बीडला जिल्हा ग्राहक आयोग आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देणे आणि जागा संपत आल्याची खोटी घाई करणे त्यांनी चुकीचे ठरवले आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख करावा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, फसला असाल तर गावात सांगा. मी बारा-तेरा वर्षे बोललो नाही. तेवढ्या काळात आपल्या भागातल्या आणखी किती घरांनी तसेच पैसे भरले असतील, हे मला राहून राहून वाटते.

परवा नांदूरघाटला गेलो तेव्हा बापूंच्या घरी चहा घेतला. मुलगा सकाळी शेतात असतो आणि रात्री संगणकाचे पाठ पाहतो. 'कोपा'साठी अर्ज करणार म्हणाला. त्याला नोकरी लागेल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. चहा घरच्या म्हशीच्या दुधाचा होता.